एका शिकारी सुरीची आणि तिच्या म्यानाची घडण

शिकारी सुरी करायला घेतली की पोलादाची पट्टी हातात घेण्यापूर्वी मी म्यानाचा विचार करते. म्यान शिवले जाते अगदी शेवटी, त्यामुळे हा क्रम पुष्कळांना उलटा वाटतो. परंतु मुठीचा फुगवटा नेमका कुठे यावा, पात्याची पाठ टोकाकडे किती उतरावी, मूठ आणि पाते जिथे भेटतात तिथे आडवा गार्ड असावा की नसावा, हे सारे सुरी म्यानात कशी बसणार यावरून ठरते, आणि एकदा पोलाद कापले की यातले काहीही बदलता येत नाही. एकाने पाते करावे, दुसऱ्याने मूठ बसवावी आणि तिसऱ्याने तयार सुरीच्या मापाचे म्यान शिवून द्यावे, अशीही पद्धत आहे. पण तशा सुरीत आणि एकाच आराखड्यातून निघालेल्या सुरीत मला नेहमी फरक जाणवत आला आहे. नुकतीच पूर्ण झालेली एक सुरी हरणाची शिकार करणाऱ्या एका डावखुऱ्या माणसासाठी होती. तिच्या आधाराने ही सगळी प्रक्रिया मांडते.

शिकारी सुरीचे खरे काम जनावर पडल्यानंतर सुरू होते. पोट उघडणे, कातडी सोडवणे, सांधे मोकळे करणे आणि मांसाचे भाग वेगळे करणे, एवढ्यासाठी नऊ ते दहा सेंटिमीटरचे पाते पुरते. त्याहून लांब पाते आतड्यांच्या आसपास सांभाळणे अवघड जाते. या सुरीसाठी मी पाठीची रेषा टोकाकडे हळूहळू खाली उतरणारी ठेवली. टोक पाठीच्या रेषेखाली आले की पोटाची कातडी आतून चिरताना ते आतड्यात घुसत नाही, आणि तर्जनी पाठीवर ठेवून टोकावर ताबा ठेवता येतो. इंग्रजीत ड्रॉप पॉइंट म्हणून ओळखली जाणारी ही घडण अमेरिकन कारागीर बॉब लव्हलेस (१९२९–२०१०) यांच्यामुळे जगभर पोहोचली. तयार पट्टी कापून आणि घासून पाते काढण्याच्या पद्धतीलाही त्यांनीच प्रतिष्ठा मिळवून दिली. दुसरी परंपरा ऐरणीवर ठोकून पाते घडवण्याची. अमेरिकेत तिचे पुनरुज्जीवन करणाऱ्यांत बिल मोरान यांचे नाव पहिल्यांदा घ्यावे लागते. १९७६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीचे ते संस्थापक होते. या संस्थेच्या परीक्षेत उमेदवाराने घडवलेल्या पात्याने लोंबकळता दोर एका घावात कापावा लागतो, लाकडाच्या जाड फळ्या तोडाव्या लागतात, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघावे लागतात, आणि शेवटी पाते नव्वद अंश वाकवले तरी ते तुटता कामा नये. ही परीक्षा मला फार आवडते, कारण ती पात्याच्या रूपाला नव्हे तर उष्णतेच्या कामाला गुण देते. छोट्या शिकारी सुरीला मात्र नव्वद अंश वाकण्याची गरज नसते. तिला बारीक आणि टिकाऊ धार हवी असते, म्हणून मी पट्टी घासून काढण्याचीच पद्धत वापरते.

पोलाद निवडताना मी १०८४ या साध्या कार्बन पोलादाकडे वळते. या क्रमांकातील पहिले दोन आकडे मिश्रधातू नसलेले साधे कार्बन पोलाद दर्शवतात, आणि शेवटचे दोन आकडे कार्बनचे प्रमाण, म्हणजे साधारण ०.८४ टक्के, सांगतात. कार्बनचे हे प्रमाण असे आहे की योग्य तापमानाला पोहोचताच जवळपास सगळा कार्बन पोलादात विरघळतो आणि पट्टी फार वेळ तापवत ठेवावी लागत नाही. १०९५ मध्ये जास्तीचा कार्बन असतो, त्याला तापमान काटेकोर राखून काही मिनिटे मुरू द्यावे लागते आणि बरेच वेगवान तेलही लागते. स्टेनलेस पोलादांना तर नियंत्रित विजेची भट्टीच हवी. १०८४ गंजते, हे खरे. पण पुसून ठेवण्याची सवय असलेल्या माणसाच्या हाती ते वर्षानुवर्षे उत्तम काम देते.

पट्टी सुमारे तीन मिलिमीटर जाडीची घेतली. आकार आखून करवतीने कापणे आणि कानशीने रेषेपर्यंत आणणे यात विशेष सांगण्यासारखे काही नाही. मुठीच्या आत जाणाऱ्या भागाला, म्हणजे टँगला, पिनांची छिद्रे मात्र याच वेळी पाडून घ्यावी लागतात, कारण पोलाद कडक झाल्यावर साधा ड्रिल त्यावर चालत नाही. पात्याचा उतार घासण्यापूर्वी धारेच्या कडेवर मध्यरेषा आखावी लागते. त्यासाठी पट्टीच्या जाडीएवढ्याच व्यासाचे ड्रिलचे पान सपाट फरशीवर आडवे ठेवायचे आणि त्याचे टोक पट्टीच्या कडेला टेकवून ओढायचे. टोक आपोआप जाडीच्या मध्यावर येते. या रेषेच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा राखून मी उतार घासत नेते. कडक करण्यापूर्वी धार अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड ठेवणे फार महत्त्वाचे असते. याहून पातळ धार तेलात बुडताना वाकते किंवा तिला तडा जातो.

कानशीचे काम मला मनापासून आवडते. यंत्राच्या पट्ट्यावर हेच काम थोडक्या वेळात होते, पण कानस प्रत्येक फेरीला किती पोलाद निघाले ते हाताला सांगते. कानस पुढे जातानाच कापते. मागे येताना ती उचलून घ्यावी लागते, नाहीतर दात बोथट होतात. दातांत खडू घासून ठेवला तर पोलादाचा चुरा अडकून पात्यावर खोल ओरखडे पडत नाहीत. उतार पुरेसा आला की कानस आडवी, दोन्ही हातांत धरून पात्याच्या लांबीने ओढायची. त्याने पृष्ठभाग सपाट आणि एकसारखा होतो. मुठीजवळ जिथे उतार संपतो तिथली रेषा दोन्ही बाजूंना समोरासमोर यावी लागते. सुरी जाणणारा माणूस ती हातात घेऊन पहिल्यांदा तीच रेषा पाहतो.

यानंतर येते भट्टीचे काम, आणि सुरीचे खरे मोल तिथे ठरते. पोलाद आधी काही वेळा तापवून नुसत्या हवेत थंड होऊ देते. दर फेरीला तापमान थोडे उतरवत, साधारण ८७० अंश सेल्सिअसपासून ७६०च्या आसपास येते. यामुळे घासताना आणि कापताना आलेला ताण निघून जातो आणि पोलादाचे कण बारीक होतात. बारीक कणांचे पोलाद चिवट असते. मग भट्टीच्या आसपासचा उजेड मंद करते, कारण भर उजेडात पोलादाचा रंग फसवा दिसतो.

पोलाद तापताना जे दिसते ते पाहण्यासारखे असते. आधी गडद लाल, मग उजळ लाल, आणि त्या उजळपणात एका क्षणी पात्यावरून सावली सरकू लागते. धारेकडचा आणि टोकाकडचा पातळ भाग उजळून पुढे गेलेला असतो, आणि पाठीकडे, जिथे पोलाद जाड आहे, तिथे काळसर डाग रेंगाळत असतात. पोलादाची आतील रचना बदलत असताना ते उष्णता शोषून घेते. ती उष्णता रचना बदलण्यात खर्च होते, तापमान वाढवण्यात नाही, म्हणून तेवढा भाग शेजारच्यापेक्षा काळा दिसतो. ही सावली हळूहळू आक्रसत पाठीकडून निघून जाते आणि संपूर्ण पाते एका रंगाचे होते. चुंबकाची कसोटी सर्वांना ठाऊक आहे. ७७० अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. पण १०८४ला त्याहून वर, ८१५ अंशांपर्यंत न्यावे लागते. चुंबक सोडल्याबरोबर पाते तेलात घातले तर ते अर्धवट कडक होण्याची शक्यता राहते. सावली पूर्ण निघून गेल्यावर रंग किंचित आणखी उजळू द्यावा, सगळीकडे समान आहे ना ते पाहावे आणि मग क्षणही दवडू नये. फार वर नेले तर कण मोठे होतात आणि धार ठिसूळ होते.

तेल साधारण ५० अंशांपर्यंत कोमट केलेले असते. थंड तेल घट्ट असल्यामुळे पात्याभोवती नीट फिरत नाही. कोमट तेल पातळ होऊन पात्याभोवतीचे वाफेचे आवरण लवकर मोडते. पाते टोकाच्या बाजूने सरळ खाली सोडायचे आणि वर-खाली हलवायचे. आडवे हलवले तर एक बाजू आधी थंड होते आणि पाते वाकते. पहिल्या काही सेकंदांतच सगळे ठरते. तेवढ्या वेळात पोलाद पुरेसे थंड झाले तरच त्याची कडक रचना तयार होते. ती प्रत्यक्षात सुमारे २०० अंशांखाली उतरताना बनू लागते, म्हणून तेलातून काढल्यावर थोडा अवधी असा असतो की पाते अजून नरम असते आणि हातमोजे घालून, पाठीच्या रेषेवरून नजर टाकत, जरासा बाक सरळ करता येतो. पुढच्या काही क्षणांत ही संधी संपते. पाते गार झाल्यावर कानस धारेवर ओढून पाहते. कानस न चावता काचेवरून जावी तशी घसरली की पाणी नीट चढले, म्हणजे पोलाद पुरते कडक झाले.

या अवस्थेतील पाते खाली पडले तरी तुटू शकते, म्हणून विलंब न लावता ते मंद आचेवर मुरवावे लागते. मी ते सुमारे २०५ अंशांवर दोन तास ठेवते, गार होऊ देते आणि पुन्हा तितकाच वेळ ठेवते. यामुळे कडकपणा थोडा उतरून रॉकवेल मापावर साधारण ६०च्या आसपास येतो आणि ठिसूळपणा जातो. पात्यावर चढणारा गवती पिवळा रंग पाहून तापमान ओळखण्याची जुनी रीत आहे, परंतु तो रंग वेळेनुसारही गडद होत जातो. म्हणून भट्टीत ठेवलेल्या तापमापकावर माझा अधिक विश्वास आहे. पुढे धार पातळ करताना याच तापमानाची आठवण ठेवावी लागते. यंत्रावर घासताना पाते एवढे तापले की त्यावर निळा रंग उमटला, तर तेवढा भाग ३०० अंशांच्या घरात गेला आणि तिथला कडकपणा गेला असे समजावे. म्हणून या टप्प्यावर मी हातमोजे घालत नाही. बोटांना चटका जाणवताच पाते पाण्यात बुडवते.

पात्यावरचे ओरखडे काढण्यासाठी पॉलिश पेपर २२०, ३२०, ४०० असा चढत जातो. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलली की आधीच्या कागदाचा एकही ओरखडा लपून राहत नाही. शेवटच्या कागदाने फक्त लांबीच्या दिशेने, एकाच बाजूला ओढत जायचे. हे काम संथ आहे, आणि ते संथच झाले पाहिजे.

मुठीसाठी या वेळी अक्रोडाचे लाकूड घेतले. शिकाऱ्याने कागदावर आपल्या पंजाची बाह्यरेषा काढून दिली होती. तिच्यावरून लांबी आणि फुगवट्याची जागा ठरवली. म्यानाचा विचार इथे प्रत्यक्ष कामाला येतो. मला सुरी पट्ट्याने वा बटणाने अडकवलेली आवडत नाही. मूठ अर्ध्याहून अधिक म्यानात जावी आणि कातड्याने तिला घट्ट धरून ठेवावे, असे म्यान मी करते. त्यासाठी मुठीचा सर्वांत फुगीर भाग म्यानाच्या तोंडापासून जरा आत यावा लागतो. मग कातडे त्याच्यामागे आवळून बसते, आणि सुरी ओढताना थोडा विरोध करून सुटते. गार्ड पुढे आलेला असता तर तो आत जाताना आणि बाहेर येताना कातड्याला अडला असता. म्हणून गार्डऐवजी मुठीच्या पुढच्या टोकाला तर्जनीसाठी खळगा दिला. बोट धारेवर घसरण्यापासून तोही तितकेच सांभाळतो.

टँगच्या दोन्ही अंगांना बसणाऱ्या लाकडाच्या चिपांचा पुढचा, पात्याला भिडणारा काठ चिकटवण्याआधीच घासून पूर्ण करावा लागतो, कारण नंतर तिथे कागद नेला तर पात्यावर ओरखडे पडतात. टँग आणि लाकूड दोन्ही खरखरीत करून, ॲसिटोनने पुसून, सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी लावते आणि पितळी पिना बसवते. क्लॅम्प फार आवळले तर सगळे इपॉक्सी बाहेर पिळले जाते आणि सांधा उपाशी राहतो. मुठीला आरशासारखी चकाकी देण्याची हौस मला पटत नाही. रक्त आणि चरबीने माखलेल्या हातात गुळगुळीत मूठ घसरते. ४०० क्रमांकाच्या कागदावर थांबून जवसाचे तेल मुरवणे पुरेसे असते. तेलाचे फडके मात्र चुरगळून टाकू नये. वाळताना ते आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. मी ते पाण्यात बुडवून मगच टाकते.

आता म्यान. यासाठी झाडांच्या साली आणि फळांमधील टॅनिनने कमावलेले, तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडीचे कातडेच घ्यावे. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले कातडे मऊ आणि लवचिक असते, पण ओले करून दिलेला आकार ते धरून ठेवत नाही. टॅनिनचे कातडे ओलवून दाबले आणि वाळू दिले की तो आकार कायमचा होतो, आणि माझे म्यान याच गुणावर उभे आहे. जाड कागद दुमडून त्यावर सुरी आखली, धारेच्या बाजूने शिवणीसाठी पुरेशी जागा सोडली आणि कातड्यावर नमुना उतरवला. सुरी डाव्या कमरेला लटकणार असल्यामुळे पट्ट्याची पळी, म्हणजे कमरेचा पट्टा ओवायचा कातड्याचा फास, उलट अंगाला आली. नमुना उलटा ठेवण्याचा विसर पडू नये म्हणून मी कातड्याच्या आतल्या बाजूला मोठी खूण करून ठेवते.

मुठीच्या पुढच्या काठासारखेच इथेही जे नंतर हाताला लागणार नाही ते आधी करायचे असते. म्यानाच्या तोंडाची कड घासून गुळगुळीत करणे आणि पट्ट्याची पळी शिवणे, ही दोन्ही कामे कातडे सपाट असतानाच उरकावी लागतात. त्यानंतर दोन्ही पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, वेल्ट म्हणजे कातड्याची एक पट्टी चिकटवायची. ती नसेल तर धार थेट टाक्यांवर येते आणि एके दिवशी दोरा कापून म्यान उघडते. टोकाकडे वेल्ट एकपदरी असते, मुठीकडे जाडी वाढते म्हणून तिथे दुसरी पट्टी चढवावी लागते, आणि तिचे टोक रापीने छिलून उतरते करावे लागते. हा उतार नीट जमला तर बाहेरून कातड्यावर पायरी दिसत नाही. मी या छिलण्यावर बराच वेळ घालवते, जरी म्यान मिटल्यावर ते कोणाच्याही नजरेस पडणार नसते.

शिवण हाताचीच. कडेपासून सुमारे चार मिलिमीटरवर खाचेची रेषा ओढून त्यावर दातेरी चाकाने टाक्यांच्या खुणा करते, आणि पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराच्या आरीने एकेक छिद्र पाडते. लिननचा दोरा मेणावरून ओढून दोन्ही टोकांना सुया ओवते. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा घ्यावा, जाड शिवणीला थोडा अधिक. एका छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. कोणती सुई आधी जाणार आणि दुसरी तिच्या कोणत्या अंगाने जाणार हा क्रम शेवटपर्यंत एकच ठेवला तरच टाके एका तिरकेपणाने बसतात. दुसरी सुई आत घालताना पहिला दोरा थोडा मागे ओढून धरावा, म्हणजे सुई दोऱ्यात शिरत नाही. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा मध्ये अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की शेजारचे टाके सैल पडू लागतात. या शिवणीत प्रत्येक छिद्रातून दोन धागे स्वतंत्रपणे जात असल्यामुळे एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. शेवटी तीन टाके उलटे घेऊन दोरा कापला की गाठीची गरज उरत नाही.

मग म्यान कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवायचे. पाते आणि मूठ पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्याशिवाय ओल्या कातड्यात घालू नये. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की निळसर काळा डाग पडतो आणि तो कातड्यात खोल जातो. सुरी आत बसवून मी अंगठ्यांनी आणि हाडाच्या गुळगुळीत पट्टीने मुठीच्या बाजूबाजूने दाबत जाते. कातडे आधी नुसते वाकते, मग फुगवट्यामागे बसू लागते, आणि मुठीचा आकार हळूहळू बाहेर उमटतो. यानंतर ते मोकळ्या हवेत, उन्हापासून आणि आगीपासून दूर, सावकाश वाळू द्यावे. ओले कातडे तापले तर आक्रसून कडक होते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. वाळल्यावर कडा एकसंध घासून, किंचित ओलवून, लाकडाच्या गोल दांडक्याने जोराने रगडते आणि वर मधमाशांचे मेण देते. बाहेरून तेलाचा अगदी हलका हात पुरतो. जास्त तेलाने कातडे मऊ पडते आणि आवळून धरण्याची त्याची ताकद कमी होते.

धार मी सर्वांत शेवटी लावते, म्हणजे म्यानाचे माप घेताना आतले कातडे चिरत नाही. दगडावर दर बाजूला साधारण अठरा ते वीस अंशांचा कोन धरून, कड उलटून दुसऱ्या बाजूला खरखर लागेपर्यंत घासायचे, मग बाजू बदलायची, आणि शेवटी कातड्याच्या पट्टीवर ती उलटलेली कड काढून टाकायची. तयार धार पितळी सळईवर टेकवून हलका दाब दिला की तेवढ्या जागी ती किंचित लवताना दिसते. दाब काढताच ती सरळ झाली तर पाण्याचा आणि मुरवण्याचा मेळ बसला. वाकलेलीच राहिली तर पोलाद नरम, आणि चिप उडाली तर जास्त कडक.

सुरी देण्यापूर्वी म्यान उलटे धरून झटका देते. सुरी जागची हलता कामा नये, आणि डाव्या हाताच्या एका ओढीत ती मोकळीही व्हावी. सोबत दोन गोष्टी लिहून देते. काम झाल्यावर पाते धुऊन, कोरडे करून, तेलाचा पातळ हात लावावा आणि सुरी घरी म्यानाबाहेर ठेवावी, कारण कातडे ओलावा धरते आणि आतल्या आत पात्यावर गंज चढतो. आणि बऱ्याच हंगामांनंतर म्यानाचे तोंड सैल वाटू लागले, तर ते ओलवून, पाते आणि मूठ प्लास्टिकमध्ये गुंडाळून, त्याच सुरीवर पुन्हा दाबून वाळवावे. कातडे तो आकार परत घेते.